निळ्या दोऱ्याची सुई

“डबा गप्प आहे म्हणजे आकाश रिकामं आहे असं समजू नकोस,” ल्युबको फोनवर म्हणाला, तेव्हा मी उल्याला लापशी भरवत होते. फोन मानेत धरलेला, चमचा हातात. “आता नवी ड्रोनं आलीत. त्यांच्या शेपटीला काचेचा धागा असतो, केसासारखा. सगळं त्या धाग्यातून चालतं. हवेत रेडिओच्या लहरी सुटतच नाहीत, मग डब्याला ऐकू काय येणार? अंगणात, झाडावर कुठे असा धागा चमकताना दिसला की मला सांग. त्याच दिवशी तिथून निघायचं.”

“बरं. तुझी मुलगी थुंकतेय, ठेवते.”

माझा नवरा युद्धाआधी शाळेत भूगोल शिकवायचा. आता तोही कुठल्याशा तळघरात बसून ड्रोन उडवतो. त्याला सगळीकडे तेच दिसतं, असं मी मनात म्हटलं आणि उल्याची हनुवटी पुसली.

तो डबा त्यानेच पाठवला होता. काडेपेटीहून जरा मोठा, आसपास ड्रोन आलं की किंचाळणारा. आमच्या गल्लीत तेवढा एकच. त्यामुळे मी गल्लीची चौकीदार झाले होते. स्वभावाने मी घाबरटच. उल्या झाली तेव्हापासून तिचा श्वास मोजत बसणारी बाई. पलीकडच्या काठावर शत्रू, मध्ये नीप्रो नदी आणि वरच्या मजल्याच्या खिडकीत मी.

रोज सकाळी सातला मोत्रिया मावशी खिडकीखाली येऊन उभी राहायची. डोक्याला रुमाल, खांद्यावर पिशवी, पिशवीतून डोकावणारी जाळी सांधायची लाकडी सुई.

“ओरिस्या! काय म्हणतोय गं तुझा पोपट?”

मी डबा कानाशी धरून ओरडायची, “गप्प आहे मावशी, जा!”

मावशी सदुसष्ट वर्षांची. तीस वर्षं मासेमारीच्या संस्थेत जाळी सांधली. संस्था बंद पडली, बोटी गंजल्या, मावशी टोमॅटो लावून बसली. मग युद्धाने तिला पुन्हा कामावर बोलावलं. शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना खांब रोवून वरून आणि कडांनी मासेमारीची जाळी सोडली होती, गाड्यांवर ड्रोन पडू नयेत म्हणून. ती कुठल्या तरी दूरच्या देशातल्या कोळ्यांनी वापरून झाल्यावर पाठवलेली. मावशीने पहिल्याच दिवशी जाळं नाकाशी धरलं आणि सांगून टाकलं, “हेरिंग मासळी. थंड समुद्राची. चांगले लोक असणार, जाळं धुऊन दिलंय.”

वाऱ्याने फाटलेलं, स्फोटाने जळालेलं जाळं सांधायला नगरपालिकेला माणूस मिळत नव्हता. तरुण पोरी मदतीला यायच्या, पण त्यांच्या गाठी सुटायच्या. मावशीची गाठ सुटत नसे. ती नेहमी निळ्या दोऱ्याने सांधायची. संस्थेत प्रत्येक बाईचा रंग ठरलेला, म्हणजे जाळं फाटलं तर कुणाची गाठ सुटली ते कळायचं. बाकीच्या बायका कधीच गेल्या, पण मावशीने रंग सोडला नव्हता. हिरव्या-काळ्या जाळ्याखालून शहरात जाताना वर पाहिलं की जागोजागी निळी ठिगळं दिसायची.

“तीस वर्षं मासे आत धरले,” ती म्हणायची, “आता बाहेर ठेवायचेत. जाळं तेच, मासे बिघडले.”

तिचा नवरा, पानास काका, ठार बहिरे. ते फाटकाशी उभे राहून विचारायचे, “काय म्हणाली?”

“म्हणाली, तुमचा नवरा देखणा आहे!” मावशी त्यांच्या कानात ओरडायची.

“मग उशीर करू नको.”

“ऐकू येत नाही म्हणून टिकला गं आमचा संसार,” मला वर बघून सांगायची आणि निघायची.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी उल्याला घेऊन तिच्या अंगणात गेले. जर्दाळूच्या झाडाला हिरवी फळं धरली होती. मावशी झाडाखाली उभी राहून काहीतरी बोटांवर गुंडाळत होती. मला आधी तिच्या हातात काहीच दिसेना. मग ऊन पडलं आणि तिच्या बोटांमध्ये चमकलं.

“हे बघ काय सापडलं. फांदीपासून कुंपणापर्यंत, पुढे पार शेतात गेलाय. किती मऊसूत! म्हटलं सुईत भरावा.” तिने गाठ मारून दाखवली. धागा कट्‌ करून तुटला. “पण गाठ बसत नाही याला. गाठ न बसणारा दोरा कसला दोरा?”

“पक्षी आणतात कुठून तरी,” मी म्हटलं.

मला माहीत होतं. मी त्या क्षणी सगळं ओळखलं होतं. पण उल्या नुकतीच न दचकता झोपायला लागली होती. आम्ही दोनदा घर सोडलं होतं आणि दोनदा परत आलो होतो. पुन्हा कुणाच्या तरी शाळेच्या व्यायामशाळेत, अनोळखी बायकांच्या मध्ये, गादी अंथरायची माझी ताकद नव्हती. धागा एकच आहे, वाऱ्याने उडत आला असेल, असं मी ठरवलं. ल्युबकोचा संध्याकाळी फोन आला.

“सगळं ठीक?”

“ठीक. जर्दाळू धरलेत.”

मावशीने तो धागा वेटोळं करून उल्याला खेळायला दिला. मी घरी येऊन तो चुलीत टाकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात. स्वच्छ आकाश, वारा नाही. आमच्याकडे अशा हवेला आता कुणी चांगली म्हणत नाही.

“ओरिस्या! पोपट?”

उल्या माझ्या कडेवर रडत होती, दूध उतू चाललं होतं. मी खिडकीपाशी गेले, डबा कानाला लावला. गप्प होता.

“गप्प आहे मावशी, जा!”

“आज वळणावरचं मोठं भोक आहे. गाडी जाईल एवढं. दुपारी पोरीला घेऊन ये, बिटाचं बोर्श्त करते.”

तिने हात हलवला. मी दुधाकडे धावले.

स्फोट मोठा नव्हता. आम्हाला आवाजावरून आता सगळं कळतं. तो लहानच होता. डबा त्यानंतरही गप्प होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. पानास काका फाटकाशी उभे होते, आणि त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

उल्याला शेजारणीकडे देऊन मी पळाले. रुग्णवाहिकेची माणसं माझ्याआधी पोचली होती आणि त्यांना घाई नव्हती, त्यावरून मला समजलं. वळणावरचं भोक अर्धं सांधून झालं होतं. खालच्या बाजूने निळ्या गाठी एका ओळीत, एकसारख्या. शेवटच्या गाठीच्या दोऱ्याला सुई लटकत होती, हळूहळू गोल फिरत. आणि शेजारच्या काटेरी झुडपांवर, खांबांवर, गवतावर तेच, उन्हात चमकणारे धागे. एक नव्हे, कोळ्याच्या जाळ्यासारखे कितीतरी. मी महिनाभर आकाशाकडे कान लावून बसले होते. खाली उतरून पाहिलं नव्हतं.

मी दोरा तोडला आणि सुई खिशात घातली.

त्या संध्याकाळी मी ल्युबकोला विचारलं, “वरून दिसतं का रे? म्हणजे, माणूस म्हातारं आहे, बाई आहे, हे कळतं?”



“कळतं.”

“रुमाल?”

“उजेड असला तर रंगसुद्धा.”

“आणि हातातली सुई?”

“ओरिस्या, नको.”

मी पुढे विचारलं नाही. तो दिवसभर काय बघतो, हे मी त्याला कधीच विचारलं नव्हतं. तेही विचारलं नाही.

दफनाला आम्ही सहा जण होतो, कारण त्याहून जास्त माणसं एकत्र जमायला बंदी. पानास काकांनी पेटीवर मूठभर माती टाकली आणि माझ्याकडे वळले.

“तो डबा तर गप्पच होता ना, पोरी?”

“हो काका,” मी त्यांच्या कानात ओरडले. सगळ्यांना ऐकू गेलं.

“मग तू काय करणार,” ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात अजून तिथेच आहे.

चार दिवसांनी गाडी आम्हाला न्यायला आली. काका आले नाहीत. “जर्दाळू पिकायचेत. मुरांबा कोण करणार? ती येऊन विचारेल,” म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते आत गेले.

आता आम्ही दूरच्या शहरात आहोत. इथे रस्त्यावर जाळी नाहीत. मी उल्याला घेऊन चालताना वर बघते, मग झाडांकडे, मग गवताकडे. काकांचा फोन लागतो, वाजत राहतो. त्यांना ऐकू येत नाही, मावशी उचलायची. कुणी म्हणतं ते आहेत. कुणी म्हणतं गल्ली रिकामी झाली. आता जुलै आहे, जर्दाळू गळून पडले असतील.

म्हणून हे लिहिलं. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी सामान घेऊन, कुणाला आणायला, त्या रस्त्याने जाणार असेल, तर वळणावर निळ्या गाठी दिसतील. तिथून डावीकडची पहिली गल्ली, हिरवं फाटक. डब्यावर विसंबू नका. आधी जर्दाळूच्या फांद्या बघा. तिथे काही चमकत असेल तर माघारी फिरा, मी रागावणार नाही. नसेल तर आत जा. दार वाजवून उपयोग नाही, खिडकीसमोर उभे राहून हात हलवा आणि थांबा, काकांना उठायला वेळ लागतो. मावशीची सुई ओरिस्याकडे सुखरूप आहे, एवढं कागदावर लिहून दाखवा. धागा मी पाहिला होता, हे त्यांना सांगू नका. ते मला स्वतः जाऊन सांगायचं आहे. तुम्ही फक्त बघून या, ते आहेत का.