लांब नळी

"माणसाक तोंड एक, नि नळ्यो किती गो ह्यो!"

दामोदर पुटपुटला तो स्वतःशीच. पण होडी एवढीशी, की स्वतःशी बोलायलाही तीत जागा नव्हती. बायकोने, द्वारकेने, ऐकलं. समोर पाय सोडून बसलेल्या लेकीने, नीलाक्षीने, ऐकलं. दर्यानेही ऐकलं असावं, कारण त्याने होडीला खालून हलकेच कोपरखळी मारली.

कार्तिकातली सकाळ. पावसाळ्याचा गढूळ राग निवळलेला, आणि पाणी असं नितळ, असं नीलवर्ण, असं मौनगर्भ, की होडीची सावली पृष्ठावर न थांबता खोल खोल उतरत गेली होती. सूर्यकिरण पाण्यात शिरत, थरथरत, स्थिरावत. जणू कुणी एक सुवर्णस्तंभी देऊळ उलटं बांधीत होतं, कळस खाली, पाया आकाशात. मासे त्या खांबांतून प्रदक्षिणा घालावी तसे फिरत होते. द्वारका या दर्याकाठी जन्मली, इथेच नांदली. तरी अशा सकाळी तिचे हात आपोआप जुळायचे, आणि मग ओशाळून ती ते पदराला पुसायची.

जिथे ते खांब विझत, तिथे घळ होती. काळी, अरुंद, अनादि.

गेल्या हंगामात त्या घळीत बुडी मारताना दामोदरची हवेची एकुलती एक नळी फुटली होती. वर आला तेव्हा नाकातून रक्त, आणि डोळ्यांत असं काही, की द्वारकेने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. त्यानंतर घरात सगळ्याविषयी बोलणं झालं. बांगड्याचा भाव, कौलांची गळती, शेजारणीची सून. घळीचं नाव तेवढं कुणी काढलं नाही. आज बापलेक तिथेच उतरणार होते. नाताळात बुडी मारायला पाहुणे येतील, त्यांच्याआधी आत वाट दाखवणारा दोर बांधायचा होता.

द्वारका नळ्या जोडत होती.

यंदाचा हा नवा साज: हवेचे दोन सिलिंडर, खांद्याला खांदा लावलेल्या जुळ्या भावांसारखे. प्रत्येकाच्या माथ्यावर वेगळी झडप, प्रत्येक झडपेवर हवा बेतून तोंडाशी पोचवणारा वेगळा रेग्युलेटर. एकाने दगा दिला तर दुसऱ्याने इमान राखावं. उजवीकडून लांब नळी, डावीकडून आखूड. डावीकडेच हवेचा काटा, कमरेपाशी लोंबता. ती एकेक जोड बोटांनी आवळत होती, कान लावून ऐकत होती, तान्ह्याच्या छातीला कान लावावा तशी.

आखूड नळी गळ्यात माळेसारखी घालायची, ती आपल्यासाठी. आणि लांब नळी? तिच्यावर द्वारकेचा जीव जडला होता. ती पाठीमागून निघे, उजव्या काखेखालून येई, छातीवरून तिरपी चढे, मानेला वळसा घाली आणि ओठांशी येऊन थांबे. खाली सोबत्याची हवा संपली, की तीच द्यायची. ठेवणीतली, उरलेली, जास्तीची द्यायची नाही. आपण ओढत असलेली, चालू असल्याची खात्री असलेली, आपल्या उष्ट्या ओठांतली. तोंडातला घास काढून द्यावा, तसा तोंडातला श्वास. ही युक्ती पहिल्यांदा सुचली ती एखाद्या आईलाच, असं तिला वाटे; मग वाटे, छे, असेल कुणी टकला गोरा. पण असला, तर त्याच्या आईने त्याला नीट वाढवलेला.

दामोदरने साज अंगावर चढवला. आखूड नळी आधी, लांब तिच्यावरून. एवढाच काय तो नियम. नीलाक्षीने पुढे होऊन त्याच्या ओठांतली नळी धरून ओढली, उतरण्याआधी ओढून पाहायचीच असते. नळी गळ्याशी अडकली. माळ वर, लांब नळी खाली.

"बाबा, उलटा झाला."

"सवय नाय ना गो."

पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. तिने ओढली. पुन्हा अडकली.

"ह्यां रबरच कडक आसा," दामोदर म्हणाला.

"रबरच आसतला," द्वारका म्हणाली, आणि क्षितिजाकडे पाहू लागली.

अंधारात जाळं विणणारे ते हात. वादळात सुकाणू धरून गाणं म्हणणारे ते हात. आता ते छातीवर नळी शोधत होते. नीलाक्षी आपला बुडीचा स्वच्छ चष्मा पुनःपुन्हा पुसत राहिली. होडी डोलत राहिली. खाली ते उलटं देऊळ उजळत राहिलं, विशाल, नि:शब्द, कुणाचीच घाई नसलेलं.

तिसऱ्या वेळी दामोदरने नळीला हात घातलाच नाही. लेकीकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी, सरळ.

"नीला, खाली तुजी हवा सपली, तर माझो हात येळेवर पोचाचो नाय. माका भय वाटता गो."

  द्वारका उठली, त्याच्या पाठीशी जाऊन तिने एक झडप फिरवून बंद केली, मग दुसरी. आज कुणी उतरणार नव्हतं. नळ्यांत कोंडून राहिलेली हवा मोकळी करायला तिने नळीच्या तोंडावरचं बटण दाबलं, आणि एक दीर्घ, शुभ्र सुस्कारा होडीभर पसरला. काठावरून उतरला, लाटेवरून गेला, बारीक होत, विरत, वाऱ्यात वारा होत गेला.