पाय खाली ठेवा

"हा पण नको," मी दारातच म्हटलं.

"ताई, आत तरी चला. बाहेरूनच नापास?" धाकटी वैतागली. धाकटी म्हणजे माझी जाऊ. मला स्वतःचा बचाव शिकायचा होता आणि तिला वजन उतरवायचं होतं, म्हणून आम्ही दोघी कराटे-ज्युडोचे वर्ग बघत हिंडत होतो. प्रत्येक वर्ग बघून झाला की तिला काहीतरी तळलेलं खायला लागायचं, ती गोष्ट वेगळी.

मी दाराबाहेरची पादत्राणं बघत होते. लग्नाआधीपासून मी बुटांच्या दुकानात विक्रीच्या कामाला आहे. चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, पण चप्पल दिसली की माणूस कळतो. आदल्या दिवशी पाहिलेल्या वर्गाबाहेर सगळे बूट कोरे करकरीत होते. म्हणजे लोक हौसेने नाव घालतात आणि आठवड्याभरात पळ काढतात. तिथल्या मास्तरांनी हाताने कौलं फोडतानाचा स्वतःचा फोटो दाखवला होता. आता माझ्या अंगावर काही कौलं चालून येणार नव्हती. आणि या दुसऱ्या वर्गाबाहेर तर चपलांचा नुसता उकिरडा होता, एकीच्या डोक्यावर दुसरी. मास्तरांचे चकचकीत बूट तेवढे वेगळ्या फळीवर, ऐटीत.

"ज्याला आपले बूट सगळ्यांच्या वर ठेवावे लागतात, तो मला काय शिकवणार?"

"तुम्हाला वर्ग निवडायचाय की जावई?"

"लेकीच्या लग्नात एवढं बघितलं असतं तर आज बरं झालं असतं," मी म्हटलं, आणि दोघीही हसत सुटलो.

हसत होते, पण आतून मी धुमसत होते. झालं होतं असं, की दुकानात एका गिऱ्हाइकाला बूट घट्ट होत होता. मी नेहमीसारखी गुडघा टेकून समोर बसले होते, त्याचा पाय माझ्या मांडीवर, आणि अंगठ्याने बुटाचं टोक दाबून बघत होते. त्याला दुखलं असेल, किंवा नुसता कंटाळा आला असेल. त्याने तोच पाय माझ्या खांद्याला लावला आणि मला ढकललं. मी मागच्या खोक्यांत जाऊन पडले. पडल्या पडल्या माझ्या तोंडून काय निघावं? "सॉरी, साहेब." मालक म्हणाले, "जाऊ द्या हो, गिऱ्हाईक आहे." खांद्याचं दुखणं दोन दिवसांत गेलं. ते "सॉरी" मात्र जेवताना, झोपताना, दात घासताना कानात वाजत राहिलं. ढकललं त्याने आणि माफी मी मागितली. या गोष्टीने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तिसरा वर्ग टायरच्या दुकानावर होता, अरुंद जिन्याने वर. दाराशी पोचले आणि माझी कळीच खुलली. भिंतीला लागून एक सरळ रांग. शाळकरी मुलींच्या सपाता, कुणा नर्सचे पांढरे बूट, एका आडदांड माणसाचे जोडे, रांगेतले दोन-चार जोड तर झिजल्यावर नवा तळ बसवून घेतलेले. म्हणजे इथे येणारी माणसं टिकतात. आणि याच रांगेत, मध्येच कुठेतरी, बायकांची एक जुनी सॅंडल. डाव्या पायाची बाहेरची कड पार झिजलेली.

"ही बाई डाव्या पायाने जरा ओढत चालते," मी धाकटीला म्हटलं. "आणि सगळ्यांत जुनी सॅंडल तिची, म्हणजे तीच शिकवते, बघ."

"तुम्ही आता पत्रिका पण सांगायला लागा."

आत गेलो. साठीची एक ठेंगणी बाई डावा पाय ओढत आमच्याकडे आली आणि म्हणाली, "मी शिकवते. बोला." धाकटीने मला असा चिमटा काढला की दुसऱ्या दिवशीपर्यंत काळंनिळं होतं.

"कशासाठी शिकायचंय?" बाईंनी विचारलं.

"सॉरी म्हणायचं बंद करायचंय," मी बोलून गेले.

"आणि मला वजन उतरवायचंय," धाकटी घाईने म्हणाली.

बाई आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या. "वजन उतरेल," त्या म्हणाल्या. "यांचं जरा अवघड आहे."

पहिले काही दिवस आम्हाला नुसतं पडायला शिकवलं. काय सांगू, पन्नाशीला आलेल्या दोन जावा गादीवर धपाधप पडताहेत आणि खालचा टायरवाला ओरडून विचारतोय, "वर काय फर्निचर हलवताय का?" कित्येक वर्षांत मी इतकी घामाघूम आणि इतकी खूश झाले नव्हते. घरी आले की आमच्या ह्यांना सांगायची, "एकदा लाथ मारून दाखवा बरं." ते म्हणायचे, "नको बाई. मला उद्या कामावर जायचंय." आणि न सांगता भांडी घासायला उठायचे.

मग लाथ अडवायचा धडा आला. माझ्यासमोर पोस्टमन होता, त्या आडदांड जोड्यांचा मालक, स्वभावाने अगदी गरीब गाय. त्याने हळूच पाय उचलला. मी टाच अलगद तळहातात झेलली, जन्मभर तेच तर केलंय. आणि झेलता झेलता गुडघा टेकून खाली बसले, त्याचा पाय मांडीवर घेतला, अंगठ्याने बोटं दाबली आणि विचारलं, "इथे लागतंय का?"

सगळा वर्ग लोळून हसला. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी आलं. मलाही हसू आवरेना, पण कान तापले होते. बाई हसल्या नाहीत.

"झेललात छान," त्या म्हणाल्या. "पण खाली का बसलात?"

"सवय आहे."

"असू दे. आता झेला आणि उभ्याच राहा. पाय तुमच्या हातात आहे, तर तो माणूस तुमच्या हातात आहे."

पोस्टमनने पुन्हा पाय उचलला. मी झेलला. गुडघे आपोआप वाकायला लागले, मी दातओठ खाऊन ते सरळ ठेवले आणि एक पाऊल पुढे टाकलं. एवढा मोठा माणूस, भिंत कोसळावी तसा गादीवर आडवा.

"सॉरी," मी म्हटलं.

"कशाबद्दल?" बाईंनी विचारलं.

मी पोस्टमनला हात देऊन उठवलं. "पुन्हा," त्या म्हणाल्या. बिचारा पोस्टमन पडत राहिला, मी सॉरी म्हणत राहिले, बाई "पुन्हा" म्हणत राहिल्या. शेवटी एकदा तो पडला आणि मी ओठ घट्ट मिटून घेतले. शब्द आतच राहिला. पोस्टमन पडल्या जागेवरूनच टाळ्या वाजवायला लागला. त्या संध्याकाळी मी आणि धाकटी रस्त्याने शाळकरी पोरींसारख्या खिदळत घरी गेलो, आणि तळलेलं खायचं तिच्याही लक्षात राहिलं नाही.

सोमवारी दुकानात गर्दी होती. एक माणूस फोनवर बोलत बाकावर बसला होता. मी खोकं उघडून समोर बसते न बसते तोच त्याने माझ्याकडे न बघता पाय पुढे केला. बुटाचं टोक माझ्या दंडाला लागलं. मग पुन्हा टोचलं, लवकर कर म्हणून.

मी उठून उभी राहिले.

"पाय खाली ठेवा," मी म्हटलं.

आवाज दुकानभर ऐकू गेला. माणसाने फोन कानावरून काढला. मी पुन्हा म्हटलं, "पाय खाली ठेवा. मग दाखवते." त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पाय खाली ठेवला आणि तरातरा दाराकडे निघाला.

"अहो, काय केलंत हे?" मालक गल्ल्यावरून उठले. "अजून दारातच आहे तो. सॉरी म्हणा पटकन."

मी मालकांकडे बघत उभी राहिले. दार लागलं. मालक पुटपुटत खाली बसले. मी खोक्यावर झाकण बसवलं. छातीत असं काही उसळत होतं की धाकटीला आत्ताच्या आत्ता फोन करावासा वाटला.

पलीकडच्या बाकावर एक आजोबा हे सगळं बघत होते. माझी नजर गेली तसे ते घाईघाईने वाकून स्वतःच्या बुटाची नाडी सोडायला लागले. पोट आड येत होतं, बोटं पोचत नव्हती.

मी त्यांच्यासमोर गेले आणि गुडघा टेकून खाली बसले.

"राहू द्या बाई, मी सोडतो," ते संकोचून म्हणाले.

"असू दे हो," मी म्हटलं. "द्या इकडे पाय."