साडेपाचची होडी

आमच्या घरात वेळेवर कुठे पोहोचायचं म्हणजे डोक्याला ताप. बाबांनी चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि स्वतःच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ मात्र वीस मिनिटं पुढे! 'म्हणजे उशीर होत नाही,' म्हणे. मग आम्ही सगळे मनातल्या मनात वीस वजा करतो. मोबाइलमध्ये वेळ बघितली की बाबांचं तोंड उतरतं, म्हणून तेही कुणी करत नाही.

निदान त्या दिवशी तरी उशीर व्हायला नको होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. एक डोळा आधीच गेलेला. उरलेल्याबद्दल डॉक्टर म्हणाले, "प्रयत्न करू, खात्री देत नाही." जन्मात कधी हट्ट न केलेली आमची आई म्हणाली, संध्याकाळच्या होडीत बसायचंय, आपण चौघांनीच. होडी साडेपाचला सुटते आणि धक्का आमच्यापासून पंधरा मिनिटांवर. घड्याळात पाच पस्तीस झाले तशी मी सगळ्यांना घराबाहेर काढलं. माझ्या मते अजून सव्वापाचच झाले होते.

धक्क्यावर पोहोचलो तर होडी नदीच्या मध्यावर!

"असं कसं?" मी ओरडले.

दादा चुळबुळला. "मी सकाळीच घड्याळ बरोबर लावलं. म्हटलं, आज घोळ नको."

"आणि सांगितलंस कुणाला?"

"बरोबर केलेलं काय सांगायचं?"

"माझ्या घड्याळाला हात लावायचा नाही, हे किती वेळा सांगितलंय?" बाबा तापले.

घ्या! आईची एवढीशी इच्छा, तीही या दोघांनी मिळून पाण्यात घातली. मला रडावं की कुणाच्या पाठीत धपाटा घालावा, तेच कळेना.

शेवटी पलीकडच्या काठाला माणसं सोडणारा एक नावाडी दिसला. त्याच्या हातापाया पडले. "बसा," तो म्हणाला, "पण मध्येच उठायचं नाही. होडी लहान आहे."

होडीत समोरासमोर दोन फळ्या होत्या. आई चाचपडत एका फळीवर बसली, तीही सूर्याकडे पाठ करून. आम्ही तिघं समोरच्या फळीवर दाटीवाटीनं बसलो.

"आई, उलटी बसलीस! सूर्य तुझ्या मागे आहे."

"असू दे."

"असू दे काय? एवढा जिवाचा आटापिटा कशासाठी केला? फिर इकडे!"

आई ढिम्म. शेजारी बापलेकांचं घड्याळपुराण चालूच होतं. आता माझं डोकंच फिरलं. "गप्प बसा हो दोघं! आणि आई, तुला बघायचं नव्हतं तर कशाला आणलंस आम्हाला इथे?"

"सूर्य बघायचाय, असं कधी म्हटलं मी?" आई शांतपणे म्हणाली. "घरात तुम्ही मला नुसते काळे ठिपके दिसता. आवाजावरून ओळखते मी तुम्हाला. ऊन समोरून तोंडावर पडलं, तरच चेहरा दिसतो. आणि होडीत बरं असतं, कुणी मध्येच उठून जात नाही."

म्हणजे इतका वेळ ती आमची तोंडं बघत होती. दादाचं चिडलेलं, बाबांचं फुगलेलं आणि माझं तर काय विचारूच नका. कदाचित शेवटचं म्हणून बघायचं, आणि आम्ही तिला हे असलं दाखवत होतो! माझाच मला इतका संताप आला की काय सांगू.

"आता सरळ बसा," आई पुढे वाकून म्हणाली. "अजून थोडं ऊन आहे."

नावाड्यानं आपणहून वल्ही थांबवली. दादानं केसांवरून हात फिरवला, बाबांनी कॉलर नीट केली. सूर्य थेट डोळ्यांत घुसत होता, पाणी येत होतं. पण तिघांपैकी एकानंही तोंड फिरवलं नाही.