काकासाहेबांची अकरा मिनिटं

काकासाहेबांच्या घरातला टीव्हीचा बॉक्स आठवडाभर टिकटिक करत होता, आणि त्या टिकटिकीनं घरात एकच माणूस सुखावला होता. तो माणूस काळजीचा चेहरा करून बसला होता.

बॉक्स रेकॉर्डिंगचा. आत हार्ड डिस्क, आणि डिस्कवर काकासाहेबांची अकरा मिनिटांची मुलाखत. दोन वर्षांपूर्वी ती शेतीच्या कार्यक्रमात लागली तेव्हा घरासकट सगळं गाव पुतण्याच्या, अंगदच्या, लग्नात होतं. बॉक्सनं ती एकट्यानं टिपली. नंतर काकासाहेबांनी एकट्यानं पाहिली आणि बायकोला, मीनाबाईंना, सांगितलं, "तुझं नाव दोनदा घेतलं मी."

घेतलं नव्हतं.

मोसंबी फुलावर यायची तर आधी काही आठवडे तिचं पाणी तोडावं लागतं. त्याला ताण देणं म्हणतात. त्या साली काकासाहेबांचा धीर सुटला होता. मोटार सुरू करायला ते तीनदा विहिरीवर गेले आणि तिन्ही वेळा तसेच परत आले, कारण मोटारीच्या पेटीची किल्ली मीनाबाईंच्या कमरेला होती. पंधरा दिवस त्यांनी ती सोडली नाही. मग बाग अशी फुलली की बदनापूरहून माणसं बघायला आली आणि त्यांच्या मागोमाग कॅमेरा आला. कॅमेऱ्यासमोर काकासाहेब म्हणाले, मी ठरवलं.

तेव्हापासून रेकॉर्डिंगचा विषय निघाला की कधी रिमोटचे सेल उतरत, कधी आभाळ येई. खोडून टाकावं तर बोट धजत नसे. त्या अकरा मिनिटांत ते दिसलेच होते इतके छान. शेवटी गेल्या उन्हाळ्यात त्यांनी बॉक्स तापणाऱ्या इन्व्हर्टरवर नेऊन ठेवला आणि वरून शाल घातली. धूळ बसू नये म्हणून, असं ते सांगत.

आणि आज जुन्या जालन्यातून टीव्ही दुरुस्तीवाला बुद्धभूषण नवी डिस्क घेऊन आला होता. मीनाबाईंनीच बोलावलं होतं. संध्याकाळी बचत गटाच्या बायकांना मुलाखत दाखवायची होती.

बुद्धभूषणनं चार स्क्रू काढले. "काका, शाल कुणी घातली हो याला? थंडी वाजून राह्यली होती का?"

"ते सोड. जुनी गेली ना? बिलकुल गेली?"

"गेली न्हाई अजून. चाललीय." त्यानं डिस्कवर हात ठेवून पाहिला. "गार झाली की एखाद्या बारी फिरंल."

"कशाला उगी तकलीफ. नवी बसव जल्दी."

"जुन्यातलं नवीत येत न्हाई बरं का. कंपनीचं कुलूप असतंय त्याला."

"न येऊ दे की!"

हे इतक्या घाईनं आलं की बुद्धभूषणनं मान वर करून पाहिलं. मग स्वयंपाकघराकडं हाक मारली, "काकू! जुनी एकदाच चालंल असं वाटतंय. लावू का, का टाकू काढून?"



"लाव," मीनाबाई हात पुसत आल्या आणि टीव्हीसमोर बसल्या. "बायकांना मी तोंडी सांगंन. मला तर बघू दे."

दहा मिनिटं पंख्याखाली ठेवून त्यानं डिस्क पुन्हा जोडली. चित्र आलं. पांढऱ्या शर्टातले काकासाहेब, मागं मोसंबी.

"इस्त्री मीच केल्ती," मीनाबाई कौतुकानं म्हणाल्या.

पहिला 'मी ठरवलं' येताच काकासाहेबांना जोराचा खोकला आला.

"खोकू नका हो. ऐकू द्या."

दुसरा 'मी' आला, तिसरा आला. मीनाबाईंचं हसू एकदम गेलं नाही, हप्त्याहप्त्यानं गेलं. पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, "इतका ताण लांबवायचं धाडस! घरातून कुणाचा सल्ला होता का?" काकासाहेबांनी पडद्यावर तोंड उघडलं. तसंच राहिलं. टिक, टिक, टिक. मग तेही थांबलं.

"संपली," बुद्धभूषण म्हणाला.

"पुढं काय म्हणलात?" मीनाबाईंनी विचारलं.

दोन वर्षांत इतकी सोयीची वेळ आली नव्हती. पुरावा मेला होता, साक्षीदार कुणी नव्हता, आणि हवं ते उत्तर जिभेवर तयार होतं. समोर त्यांचंच उघडं तोंड गोठलेलं, शेजारी पापणी न लवणाऱ्या मीनाबाई.

"म्हणलो..." ते अडखळले. "म्हणलो, बायामाणसांना यातलं काय कळतंय."

"आन् माझं नाव? दोनदा?"

"घेतलं न्हाई."

मीनाबाई बुद्धभूषणकडं वळल्या. म्हणाल्या, "बसव बाबा नवी."

बुद्धभूषणनं नवी डिस्क बसवली, चारी स्क्रू पिळले, जुनी पिशवीत टाकायला उचलली.

"ती इथंच ठेव. टीव्हीपुढं."

"काकू, तिच्यातून आता काय निघायचं न्हाई."

"निघायला नकोच. येणारा-जाणारा विचारंल, हे काय ठेवलंय म्हणून. मंग ह्यांनी सांगायचं, आत काय होतं ते. सगळं, बराबर, ह्यांच्याच तोंडानं. आज बायका येतेत, तिथून सुरू."

काकासाहेबांनी मनातल्या मनात बचत गट मोजला. चौदा जणी.

बुद्धभूषणनं डिस्क टीव्हीपुढं नीट मधोमध ठेवली, पिशवी खांद्याला अडकवली, दारापर्यंत गेला आणि वळला.

"काका," तो म्हणाला, "ते काळं-काळं काय हो ठेवलंय तिथं?"