निळ्या काठाचा कप आणि तपस्वी फळ्या

या, असे जवळ या. मागे उभे आहेत त्यांनी पुढे सरकावं, ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी भिंतीला टेकावं. देवाचं नाव घेऊन झालं, आता घटकाभर माणसाची गोष्ट ऐकू. गोष्ट आहे एका गळक्या छपराची आणि त्या छपराखाली जळत बसलेल्या एका भावाची.

एक मोठं मैदान होतं आणि त्यावर तीसेक घरगाड्या उभ्या असायच्या. घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, मोरी, भिंतीत कपाटं, आणि डोक्यावर जेमतेम चार बोटं जाडीचं छप्पर. त्या दिवशी सगळं मैदान ताईच्या गाडीभोवती लोटलं होतं. छपरावर बादलीभर पाणी ओतलं, की आतल्या पलंगावर टपटप थेंब पडत होते. ते सगळ्यांनी पाळीपाळीनं दारातून डोकावून पाहिलं होतं. आणि गाडीसमोर डोळे मिटून उभे होते कोरडेबाबा, गळकी छपरं कृपेनं कोरडी करतो म्हणत मैदानात आलेले.

"छप्पर म्हणजे गाडीचं कपाळ," बाबा संथ सुरात म्हणाले. "कपाळ तापलं की जलतत्त्व रुसतं. रुसलेल्या पाण्याला डांबर फासून चालत नाही, बाळांनो. त्याची समजूत घालावी लागते."

मग समजूत घालणं सुरू झालं. छपराच्या चारी कोपऱ्यांना सुगंधी तेलाचे थेंब लागले. बाबांनी तीनदा फुंकर घातली. शिष्यांनी दोन जाड फळ्या आणल्या. त्या फळ्या म्हणे बारा वर्षं डोंगरावर तपाला बसल्या होत्या. त्या उजव्या चाकांपुढे ठेवल्या आणि ताईनं गाडी हळूच त्यांच्यावर चढवली. पुन्हा बादली ओतली. लोक आत डोकावले. या खेपेला पलंगावर टपटप नाही.

मैदान हरखून गेलं. एक म्हातारे गृहस्थ रडलेच. गर्दीच्या शेवटी हातातली अवजारांची पिशवी घट्ट धरून एक माणूस उभा होता. त्याच्या पोटात मात्र जे दुखायला लागलं, त्यावर कुठलंही तेल चालणार नव्हतं.

हा ताईचा धाकटा भाऊ. छपराच्या सांध्यांवर चिकटपट्टी लावून गळती बंद करायची हा त्याचा धंदा, म्हणून सगळे त्याला पट्टीमामा म्हणत. मैदानातलं एकेक छप्पर त्याच्या गुडघ्यांना तोंडपाठ होतं. ताईच्या छपराबद्दल त्यानं महिनाभर आधीच सांगितलं होतं की छपरावरच्या एसीभोवतीचा सांधे बुजवायचा मसाला तडकलाय, खालचं लाकूड मऊ लागतंय, सगळं खरवडून नव्यानं करावं लागेल, तीन दिवस गाडी रिकामी कर. ताई आज उद्या करत राहिली. आणि आता एका परक्या माणसानं पाव तासात काम उरकलं, तेही गुडघा न टेकता.

वर ताई चारचौघांत म्हणाली, "आमचा धाकटा इतकी वर्षं वर रांगतोय. याला कधी जमलं नाही हो असं."

एवढं वाक्य त्याला पुरलं. रात्रंदिवस ते त्याच्या कानात गळत राहिलं.

ताईची गाडी फळ्यांवरच उभी राहिली, पुढच्या तीन आठवड्यांत पाऊसही झाला, पण तिचा पलंग काही भिजला नाही. मग काय, गाडीमागून गाडी बाबांच्या तसल्याच फळ्यांवर चढू लागली. पट्टीमामाला हाका येईनाशा झाल्या. मैदानात आणखी नवलं घडू लागली. ताईच्या कपाटाची दारं आपोआप उघडायची. तिच्या नातीचा, छकुलीचा चेंडू कुठेही सोडला तरी डाव्या कोपऱ्यात जाऊन बसायचा. बाबांनी त्याचाही उलगडा केला. कृपा घरात वावरते, तेव्हा दारं उघडतात आणि खेळणीसुद्धा नमस्काराला जातात.

आता पट्टीमामाची अक्कल कुठे गेली होती म्हणाल, तर ती तेलाच्या बाटलीत बुडाली होती. कारागिराचा मत्सर फार वेगळा असतो बरं. त्याला बाबा लबाड वाटलाच नाही. त्याला वाटलं, याच्याकडे आपल्यापेक्षा भारी मसाला आहे. चोरासारखं शिडी लावून त्यानं एका छपरावरचं तेल बोटानं निपटलं, डबीत भरलं, घरी तडकलेल्या पत्र्याला फासलं आणि वरून पाणी सोडलं. पाणी सरळ आरपार. तरी त्याला वाटलं, आपलंच प्रमाण चुकलं. फळ्यांकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. तो त्याला नुसता थाट वाटला होता.

मग ताईचा लांबच्या प्रवासाला निघायचा दिवस आला. लेकीकडे जायचं होतं, दोन दिवसांचा खडबडीत रस्ता, छकुली सोबत. निघण्याआधी बाबांना चहाला बोलावलं. भावालाही बोलावलं, पण कसं, तर आलाच आहेस तर बस, असं.

गाडीत शिरताच पट्टीमामाच्या नाकाला ओल्या लाकडाचा वास आला. पण त्याचं लक्ष होतं भलतीकडे. खिडकीजवळच्या त्याच्या नेहमीच्या जागेवर बाबा बसले होते. आणि ताईनं बाबांपुढे ठेवला निळ्या काठाचा पांढरा कप. हा कप आईच्या वेळचा. त्यात चहा फक्त धाकट्याला मिळायचा, लहानपणापासून. आज त्याच्या हातात स्टीलचा पेला आला.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तो त्या कपाकडे टक लावून बघत राहिला. एखादा मनुष्य इतक्या जळत्या नजरेनं कपाकडे बघेल असं त्या कपालाही वाटलं नसेल. आणि बघता बघता त्याला दिसलं, की चहा डावीकडे निळ्या काठाला टेकलाय आणि उजवीकडे काठापासून बोटभर खाली आहे.

त्यानं आपला पेला खाली ठेवला. तिथेही तेच. त्यानं उघड्या कपाटाच्या दाराकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या चेंडूकडे पाहिलं, मग डाव्या भिंतीकडे. भिंतीला हात लावला. भिंत गार, फुगलेली. तिथून त्याची नजर वर गेली. छताला एसीचं जड धूड, आणि त्याच्या बरोबर खाली छकुलीची गादी.

मत्सर कुठल्या कुठे गेला असं सांगितलं असतं तर छान वाटलं असतं, पण तो गेला नाही. त्याच्या शेजारी फक्त भीती येऊन बसली.

"ताई, तू आज निघायचं नाहीस," तो म्हणाला.

ताई म्हणाली, "झालं सुरू. धाकट्या, तुला बाबांचं बघवत नाही, हे अख्ख्या मैदानाला ठाऊक आहे."

खरंच ठाऊक होतं, आणि अडचण तीच होती. निरोप द्यायला जमलेल्या लोकांना त्यानं ओरडून सांगितलं असतं, तर ते म्हणाले असते, जळतोय बिचारा. म्हणून तो दारात उभा राहिला आणि स्वतःच बोलला.

"होय, मी जळतो. बाबा आल्यापासून मला घास गोड लागत नाही. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवू नका. फक्त दोन बादल्या पाणी आणा आणि विश्वास तुमच्या डोळ्यांवर ठेवा."

त्यानं ताईला गाडी फळ्यांवरून उतरवायला लावली. ती कुरकुरत बसली, पण छकुलीला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या भावाचा चेहरा बघून तिनं उतरवली. छपरावर पाणी ओतलं. टपटप पलंगावर.

बाबा लगेच म्हणाले, ही याच्या जळक्या नजरेची बाधा आहे. लोकांनी माना डोलावल्या.

पट्टीमामा कुंपणाकडे गेला. तिथे पडलेल्या दोन मातकट विटा त्यानं उचलल्या आणि उजव्या चाकांपुढे टाकल्या. कुणीतरी विचारलं, मंत्र कुठला? तो म्हणाला, दोनाचा पाढा. आणि खरोखर, बे एके बे पासून मोठ्यानं पाढा म्हणत त्यानं ताईला गाडी विटांवर चढवायला सांगितलं. पुन्हा बादली. पलंगावर एक थेंब पडला नाही.

"नजर तीच आहे, बाबा," तो म्हणाला. "जळतोयही तेवढाच. मग आता का थांबलं?"

बाबांना अचानक दुसऱ्या गावची आठवण झाली. पण तोवर पट्टीमामानं डाव्या भिंतीच्या तळाची पट्टी उचकटली होती. आतून पाण्याची धार लागली, काळपट, कुबट, तीन आठवड्यांची. मग तो पलंगावर चढला आणि एसीच्या कडेला त्यानं पेचकस टेकवला. जोर लावलाच नाही. पेचकस मुठीपर्यंत आत गेला, भिजलेल्या पावात जावा तसा.

त्यानं एवढंच समजावलं. छप्पर मध्ये दबलेलं, म्हणून एसीभोवती पाण्याचं तळं साचतं आणि तडकलेल्या सांध्यातून आत शिरतं. गाडी एका अंगावर कलली, की तळं बरंचसं वाहून जातं, आणि जे शिरतं ते छताच्या आतल्या बाजूनं सरकत भिंतीत उतरतं. थेंब दिसेनासा होतो, भोक तिथेच राहतं. आणि ते कुजकं लाकूड खडबडीत रस्त्यावर हादरलं असतं, तर वरचं धूड कुणावर पडलं असतं, ते त्यानं सांगितलं नाही. ताई छकुलीच्या गादीकडे बघत होती.

तिनं ती गादी ओढून बाजूला घेतली. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "चुकले मी, धाकट्या. तीन दिवस लागतील म्हणालास ना? लाग कामाला."

बाबा कधी सटकले ते कुणी पाहिलं नाही. फळ्या मागेच राहिल्या. बारा वर्षांच्या तपानंतर त्या पट्टीमामाच्या शिडीखाली टेकूला लागल्या.

तीन नाही, चार दिवस लागले. जुना मसाला खरवडून काढला, कुजकं लाकूड बदललं, भिंत उघडी ठेवून पूर्ण वाळवली, सांधे पुसून कोरडे केले, पट्टी दाबली, तिच्यावर नवा मसाला ओतला. मग मैदानातल्या प्रत्येकाला त्यानं सांगितलं, वर्षातून दोनदा शिडी लावा, छप्पर धुवा, प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवा. चीर लहान असतानाच सापडते, पण ती शोधायला गुडघे टेकावे लागतात.

पाचव्या दिवशी गाडी सपाट जमिनीवर उभी होती. ताईनं चहा केला. निळ्या काठाचा कप भावापुढे ठेवला. त्यानं तो लगेच प्यायला नाही. वाकून बघितलं. चहा चहूबाजूंनी निळ्या रेघेखाली सारखा होता.

देव माना, मायबाप. मीही मानतो, गाऊन मानतो. पण पाण्यानं उताराकडे जावं हा नियमही त्याचाच, आणि तो नियम कुणाच्या फुंकरीनं मोडत नाही. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी एकदा चाकाखाली बघा. तिथे काय ठेवलंय, पाणी कुठे गेलं, एवढं विचारायला श्रद्धा आड येत नाही.

आणि आज घरी जाऊन निजाल तेव्हा डोक्यावरचं छप्पर कोरडं असेल, तर देवाच्या पाठोपाठ त्या जळक्या, खऱ्या माणसाचीही आठवण काढा. जळत होता तरी चारचौघांत कबूल करून तो खरं तेच बोलला. तेवढी आठवण राहू द्या.