जहाजातली दुसरी बाई

बेत पहिला

ओस्लोला उतरायचं. तिथून डेन्मार्क: खाडीच्या तळातून वर काढलेली, व्हायकिंग चाच्यांच्या काळातली रोस्किल्डची पाच जहाजं. मग स्वीडनमधलं बिर्का बेट. मग गॉटलंडचे चित्रं कोरलेले दगड. आणि परतताना, पानातला गोडाचा घास शेवटी ठेवावा तसं, ओस्लोच्या म्युझियममधलं ओसेबर्गचं जहाज.

उमानं हे जेवताना सांगितलं तेव्हा मालिनीवहिनींना ठसका लागला.

"वन्सं, अहो मीनलचं बाळंतपण करायला चाललोय आपण. चारधामला नाही!"

अण्णाही हसले. गेल्या वर्षी अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली होती, त्यामुळे हसू डाव्या गालावरच उमटायचं. "जाऊ दे गं तिला. त्या चाच्यांना तरी कळेल, अंबरनाथची बाई काय चीज असते."

उमाही हसली. त्रेपन्न वर्षांच्या बिनलग्नाच्या नणंदेला घरात हसायची सवय असावीच लागते.

व्हायकिंग तिच्या आयुष्यात आले ते कपाटाखालून. अण्णा नोकरीला होते त्या काडेपेटीच्या कारखान्यातल्या एका स्वीडिश साहेबानं मायदेशी जाताना त्यांना एक जाडजूड सचित्र पुस्तक दिलं होतं. अण्णांनी ते डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सारलं. उमानं तिथे वीट लावली आणि पुस्तक उचललं. त्याला वीस वर्षं झाली. दुपारी घर झोपलं की शिवमंदिराकडच्या खिडकीत बसून, शब्दकोश मांडीवर घेऊन, तिनं ते इतक्यांदा वाचलं की पानांना हळदीचे डाग पडले.

आणि आता, १९९१ साली, अण्णांच्या लेकीला, मीनलला, व्हायकिंगांच्याच देशात दिवस गेले होते. जावयाची नोकरी ओस्लोत. त्यानं दोन तिकिटं पाठवली होती, एक आईचं, एक उमाआत्याचं. मीनल फोनवर म्हणाली होती, "आत्या, तुझं जहाज इथून बसनं जवळ आहे."


बेत दुसरा

डेन्मार्क नाही. स्वीडन नाही. गॉटलंड तर नाहीच नाही. फक्त ओस्लो, दर रविवारी.

"बाळंतिणीला रविवार असतो का हो, वन्सं?"


बेत तिसरा

एक दुपार.

"एकच दुपार द्या, वहिनी."

मालिनीवहिनी तांदूळ निवडत होत्या. खडा बाजूला काढून त्या म्हणाल्या, "दिली असती. पण बाळाला आंघोळ कोण घालणार त्या दिवशी? माझा हात बसत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मीनलला तुम्हीच घातलीत."

"मी शिकवते ना तुम्हाला!"

तोंडातून गेलं ते गेलं. तसं बोलताना उमाला आपण फार हुशारी केली असंच वाटलं.

चिखलोलीच्या गोदूबाईला आधीच ठरवून ठेवलं होतं. दोघी परदेशी गेल्यावर ती अण्णांचा स्वयंपाक करणार, तिचा नवरा जनू अण्णांना उठवणार, बसवणार. त्या गोदूबाईची तान्ही नात शिकवणीला मिळाली. रोज सकाळी मोरीत पाट. उमा पायांवर बाळ कसं घ्यायचं ते दाखवायची: टाच कुठे, घोटे कसे जुळवायचे, नाकाच्या शेंड्यावरून पाणी कसं ओघळू द्यायचं. तेल किती कोमट, टाळूवर किती, शेगडीत ओवा केव्हा, बाळंतिणीचं पोट कसं बांधायचं.

पहिल्या दिवशी पोर वहिनींच्या पायावरून घसरलीच. गोदूबाई किंचाळली. "अगं बाय, नातीला मारते का माज्या! उमाताय, हिचा हात नाय व्हं बसत!"

"बसेल," उमा म्हणाली. "बसलाच पाहिजे."

त्या जिद्दीनं तिनं शिकवलं. दिलेल्या प्रत्येक सूचनेमागे तिला त्या म्युझियमचं दार किलकिलं झालेलं दिसायचं. हळूहळू वहिनींचे हात ऐकायला लागले. एका सकाळी पोर त्यांच्या पायांवरच, आंघोळ चालू असताना, झोपून गेली. उमाच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनींना वाटलं, कौतुकानं आलं.

त्याच संध्याकाळी ती उल्हासनगरला जाऊन कोट घेऊन आली. गडद निळा, लोकरीचा. सिंधी दुकानदार म्हणाला होता, "ले जाओ बहनजी, बर्फ में पसीना आयेगा." घरी आरशासमोर घालून बघितला. घाम आला.


बेत नाही

जाण्याला आठवडा होता. गोदूबाईनं पहिल्यांदाच अख्खा स्वयंपाक केला. अण्णांनी आमटीचा घास घेतला, पानाकडे बघत राहिले आणि अगदी सहज म्हणाले, "मालिनी, तुला येतं ना आता सगळं?"

"येतं की."

"मग उमा राहू दे. गोदूबाईच्या हातचं नाही जाणार मला."

उमानं वहिनींकडे बघितलं. वहिनींनी पाण्याचा तांब्या उचलला, होता तिथेच परत ठेवला.

"खरंय," त्या म्हणाल्या. "आजारी माणूस परक्यावर टाकून दोघींनी जाणं बरं दिसत नाही. आणि तो कोट वन्सं, तुम्हाला इथे काय करायचाय?"

कोटाची घडी उमानंच घातली. बॅगेत मेथीचे लाडू, डिंक, ओवा, बाळाची दुपटी आणि वर कोट. वहिनींना जरा वाईट वाटत असावं. त्या म्हणाल्या, "तुमच्या जहाजाचा फोटो आणते हं मी. काय आहे तरी त्यात एवढं?"

"दोन बायकांना त्यात पुरलं होतं. बरोबर गाडा, पलंग, भांडी, बादलीभर सफरचंदं. एक मोठ्या घरची मालकीण, दुसरी बहुतेक तिची दासी. पलीकडे सेवेला कुणी हवं म्हणून तिलाही धाडली. पण सांगाड्यांवरून कोण कोणती, ते ठरत नाही."

"अगंबाई! मग सुटलात की हो तुम्ही," वहिनी म्हणाल्या आणि आपल्याच विनोदावर मनसोक्त हसल्या.


बेत चौथा

वहिनी पहाटे गेल्या. त्याच दुपारी उमानं गोदूबाई आणि जनूला सांगितलं, आता मी आहे, तुम्ही नाही आलात तरी चालेल. मग ती कामाला लागली.

आधी अण्णांची काठी त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली. मग कारखान्यानं निरोपाला दिलेलं घड्याळ उशाशी. न वापरलेले काळे बूट पायाशी, चकचकीत पुसून. चहाचा कप, चष्म्याची दोन घरं, दाढीचं सामान, पलंगाच्या कडेनं ओळीत. बाजारातून आणलेली सफरचंदं तिनं पितळी बादलीत भरली आणि ती पलंगाला टेकवून ठेवली.

"काय चाललंय हे?" अण्णांनी विचारलं.

"जहाज भरतेय."

"कसलं जहाज?"

"तूच नाही का म्हणालास, घरात राहा? मग बेत घरातच करायला हवा." ती पुस्तक घेऊन पलंगाच्या कडेला बसली. "मोठ्या माणसाला निरोप देताना त्याचं सगळं बरोबर द्यायचे. पलीकडे अडायला नको. तुझं काय काय राहिलंय, आठवून सांग. घाई नाही."

अण्णांनी बादलीकडे बघितलं. बुटांकडे बघितलं. उठायला गेले तर काठी हातातून निसटून खाली पडली. जनू नव्हता. उमानं ती उचलली आणि पुन्हा होती तशी, हाताशी, सरळ ठेवली.

"उमा, वेड लागलं का तुला? मालिनीला फोन लाव."

"विमानात आहेत त्या."

मग अण्णा हलक्या आवाजात म्हणाले, "त्या जहाजात... दुसरी बाई पण होती, मालिनीला सांगत होतीस."

"होती ना."

"ती कशी ठरवायचे?"

"जिला जायचं असायचं ती नाही. घरचे नेमायचे. आमटी चाखून."

"तू... तू जाणार नाहीस ना कुठे?"

"मी कुठे जाणार? माझं तर राहायचं ठरलंय." तिनं बादलीतलं एक सफरचंद काढलं, सोललं, फोड केली. "तुझ्या सोबतीला वहिनी येऊ देत. त्यांना आता सगळं येतं."

तिनं फोड त्यांच्या ओठांशी धरली आणि ते तोंड उघडेपर्यंत धरूनच ठेवली.