सोळा वर्षांचा खांदा

पोरगं साठ यार्ड धावलं आणि रामिरोने स्टॉपवॉच दोनदा पाहिलं. साडेसहा सेकंद! मग दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या शॉर्टस्टॉपच्या जागेवरून त्याने पहिल्या बेसकडे असा चेंडू फेकला, की झेलणाऱ्याने हात झटकत शिवीच हासडली. सव्वीस वर्षं अमेरिकी बेसबॉल संघांसाठी पोरं हेरत त्याने सान पेद्रोच्या मैदानांवर ऊन खाल्लं, शंभरेक पोरं अमेरिकेला धाडली. मेजर लीगपर्यंत एकही पोचला नाही. खालच्या लीगांत बसने हिंडून सगळे परत आले. आपल्या हातून एक तरी वर जावा, एवढी एकच हाव उरली होती मेली.

त्याच्या तक्त्यात दोन रकाने असत, आज किती आणि पुढे किती. गुणांचे आकडे वीसपासून ऐंशीपर्यंत. आजचा आकडा कुणीही गाढव लिहील, कस लागायचा तो पुढच्याला. सोळाव्या वर्षी हा असा, तर विशीत काय होईल! फक्त खांदे सोळाच्या मानाने जरा जास्तच भरलेले वाटत होते. म्हणून नेहमीसारखा तो पोराच्या, आदोनिसच्या, घरी गेला. आईबापाचा बांधा पाहिल्याशिवाय पुढचा आकडा लिहायचा नाही, हा त्याचा नेम.

आई, इसाउरा, चणीने लहानखुरी. मानाने 'डॉन' म्हणत तिने कॉफी पुढे केली.

"आणि बाप?"

"या दाराएवढा उंच. गेला पोर्तो रिकोला, तो गेलाच."

"वा! मग आदोनिस अजून वाढणार."

"आदोनिस आता कुठला वाढतोय, डॉन रामिरो," ती म्हणाली. "तेरा वर्षांचा होता, डेंग्यूने गेला. हा थोरला, नेफ्ताली. एकोणीस पुरी झाली त्याला. मैदानावरचे शिकवणारे म्हणाले, धाकट्याचे जन्माचे कागद आहेत ना, तेच लावा. तीन वर्षं झाली. घरातसुद्धा आदोनिसच म्हणायचं, नाहीतर चारचौघांत तोंडातून निघेल म्हणे."

"बाई, हे मला कशाला सांगितलंत? मी लिहिलं तर संपलं त्याचं!"

"ठाऊक आहे हो. पण तुम्ही नेलंत तर तो जन्मभर आदोनिसच राहील. बायको त्याला आदोनिस म्हणेल, पोरं म्हणतील. मला माझा थोरला हवाय."

रामिरोने पेन काढलं. गप्प बसावं, असं त्याला फार वाटलं. सोळाचा असेल तर पुढे सत्तर. एकोणीसचा असेल तर झाला तेवढा झाला, पन्नासच्या वर जायचा नाही. अशी पन्नासवाली पोरं गल्लोगल्ली पडली होती.

बाहेर पोरगा झाडूच्या दांड्याने बाटलीची झाकणं टोलवत होता. इसाउरा दारात गेली.

"नेफ्ताली!"

तो वळलाच नाही. तिने पुन्हा तीच हाक मारली. आता मात्र तो गर्रकन वळला, आईकडे पाहिलं, आत पेन धरून बसलेल्या रामिरोकडे पाहिलं आणि धावत आला.

"ऐकू नका हिचं, डॉन रामिरो! दुःखाने असं करते. मी आदोनिस. सोळा वर्षांचा. हवं तर कागद बघा."

"आणि नेफ्ताली?" रामिरोने विचारलं.

"नेफ्ताली वारला," पोरगा म्हणाला. "तापाने. सांग ना गं आई, सांग त्यांना."

इसाउराने दोन्ही हातांनी त्याचं तोंड दाबून धरलं. तो तिच्या हातांआडूनही तेच सांगत राहिला. रामिरोने मान वर केली नाही. तक्त्यावर त्याने नेफ्ताली लिहिलं, त्यापुढे एकोणीस आणि दोन्ही रकान्यांत पन्नास.